चाकोरीतलं पिल्लू

माणसाला निसर्गाची जाणीव झाली की निसर्ग आपोआप वाचतो, असं किनारा बचाव समितीच्या घटनेच्या पहिल्याच कलमात लिहिलं होतं. दुसरं कलम बैठकीला केक कोणी आणायचा याबद्दल होतं, आणि आजवर नीट अंमलात आलेलं कलम तेवढंच.

जाणीव करून देण्याचं काम एर्ना गारिसेसकडे होतं. एर्ना समुद्र आणि वाळवंट यांच्यामधल्या स्वाकोपमुंड गावच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. समोरचा ऐकत नसला तरी बोलत राहायची सवय तिला नोकरीतच लागली होती. हे वाळवंट दिसायला रांगडं, पण त्याची कातडी फार नाजूक. बैलगाड्यांच्या काळातल्या चाकांच्या खुणा मैदानावर अजून जशाच्या तशा आहेत. बैल, गाडीवान आणि ज्या लढाईला ते निघाले होते ती लढाई, सगळं विरून गेलं. चाकाखाली भरडलेलं दगडफूल पुन्हा वाढायला माणसाचा एक जन्म पुरत नाही. म्हणून एर्नाने एकच वाक्य धरलं होतं: नवी वाट पाडू नका, असलेल्या चाकोरीतूनच चला. रेडिओवर, शाळांत, चर्चच्या जत्रेत, गळाचं आमिष विकणाऱ्या दुकानांत, येत होत्या तेवढ्या सगळ्या भाषांत तिने ते सांगितलं.

आणि आश्चर्य म्हणजे लोकांनी ते ऐकलं. मासेमार क्लबाचा अध्यक्ष ऊम फान (इकडे काकाला ऊम आणि मावशीला तान्नी म्हणतात) हा म्हातारा कोणाच्या बापाचं ऐकणारा नव्हता. पण नाताळच्या सुट्टीत मित्राच्या गळाला पुरुषभर लांबीचा काबल्याव लागला, तेव्हा मदतीला मैदानातून आडवी गाडी घालायला ऊम फानने साफ नकार दिला. आपण चाकोरी सोडणार नाही म्हणाला. मासा सुटला आणि मित्रही.

या यशाचा समारंभ करायचं समितीच्या अध्यक्षीणबाई फ्राऊ लोरेन्त्स यांनी ठरवलं. मीठ आणि माती घट्ट बसवून केलेल्या मिठाच्या रस्त्यापासून समुद्राच्या बाजूला जे मैदान आहे, तिथे दमारा सुरय अंडी घालतात. मुठीत मावेल एवढा हा पक्षी. वर्षाला अंडं एकच, तेही उघड्यावर. घरटं म्हणजे नुसता खळगा. तिथे ‘वाहनांना मनाई’ असा मोठा फलक लावायचा आणि राजधानीहून येणाऱ्या माननीय हांगुलांच्या हस्ते त्याचं अनावरण करायचं. हांगुला नक्की कसले माननीय आहेत हे निमंत्रणपत्रिकेवरही नव्हतं. फलक रस्त्याच्या कडेला असावा, असं एर्नाचं म्हणणं. फ्राऊ लोरेन्त्सचं म्हणणं, रस्त्याकडेला फोटोत विजेचे खांब येतात, मागे समुद्र हवा.

फलक आला त्या दिवशी एर्ना दात काढायला वाल्विसला गेली होती. ट्रक मिठाच्या रस्त्यावरून उतरला, सरळ मैदानाच्या मध्यावर गेला, फलक रोवला आणि आला तसा परत गेला. माणसं शहाणी होती, रेडिओ ऐकणारी होती. परत जाताना त्यांनी आपल्याच चाकोरीतून ट्रक नेला. दुसऱ्या दिवशी एर्नाने पाहिलं, तर दोन खोल, स्वच्छ रेघा रस्त्यापासून फलकापर्यंत गेलेल्या. आणि डावीकडच्या रेघेत एक पिल्लू बसलेलं. लिंबाएवढं, रंगाने वाळूसारखंच. त्या सपाट मैदानात वारा चुकवायला दुसरा आडोसा नव्हता, तो नेमका समितीने करून दिला होता.

तिने फ्राऊ लोरेन्त्सना फोन केला. दात काढलेल्या जबड्यापेक्षा ताठ आवाजात दोघींचं बोलणं झालं. ठरलं असं की अनावरण लांबून, रस्त्यावरूनच दोरी ओढून करायचं, आणि चाकोरीच्या तोंडाशी एर्नाने सकाळीच दोर बांधायचा.

शनिवारी सकाळी धुकं इतकं दाट होतं की एर्नाला स्वतःची गाडी दहा पावलांवर दिसेना. दोर खांद्यावर टाकून ती आधी पिल्लू बघायला आत चालत गेली. पाहुण्यांना अजून बराच अवकाश होता. चूक झाली ती इथे. माननीय वेळेआधी आले. या किनाऱ्यावर असं पूर्वी कधी घडलेलं नसल्यामुळे तिने ते धरलंच नव्हतं.

ती फलकाजवळ पोचली आणि मागे इंजिनांची घरघर ऐकू आली. वळून पाहिलं, तर धुक्यात दिव्यांच्या जोड्या, एकीमागे एक, रस्ता सोडून मैदानात उतरत होत्या. एकही दिवा डावीकडे नाही, उजवीकडे नाही. सगळे चाकोरीतून.

पिल्लू कालच्या जागी नव्हतं.

एर्ना दिव्यांच्या दिशेने पळत सुटली, नजर डाव्या रेघेवर ठेवून. डोक्यावर सुरयांची जोडी चिरचिरत घिरट्या घालत होती. त्या ओरडत होत्या म्हणजे पिल्लू जवळच कुठेतरी होतं. पण कुठे? खडा दिसला की ती थबकायची, आणि मैदानात खड्यांशिवाय होतंच काय. शेवटी ती चाकोरीत हात पसरून उभी राहिली. माननीयांची काळी गाडी तिच्या गुडघ्यापाशी येऊन थांबली. मागच्या गाड्या एकमेकींना टेकल्यासारख्या थबकल्या.

दुसऱ्या गाडीतून, म्हणजे आपल्या पिकअपमधून, ऊम फान उतरला.

“तान्नी एर्ना, आता काय चुकलं? आम्ही चाकोरीतच आहोत.”

“हो, ऊम फान.”

“एक चाक बाहेर गेलेलं नाही. बघ हवं तर.”

“माहीत आहे. पिल्लू पण चाकोरीतच आहे.”

ऊम फानने आधी आपल्या पायांकडे पाहिलं, मग एक पाय उचलून धरला, आणि तो कुठे ठेवावा हे न कळून तसाच उभा राहिला.

कोणीतरी मागून सुचवलं की गाड्या बाजूने काढू. एर्नाने सांगितलं की बाजूला अंडी आहेत, कुठे ते तिलाही माहीत नाही. मग मागे घेऊ. मागच्या चाकाखाली असलं तर? गळ टाकायचे तर भरती वाट पाहत नाही, असं क्लबातला एकजण पुटपुटला. पाखराला तुमच्या दमारा जमातीचं नाव लागलंय म्हणून एवढा पुळका, असंही त्याने जोडलं. आपल्या जमातीच्या नावावर सरकारदरबारी असलेली ही एकमेव उडती मालमत्ता आहे, असं एर्ना एरवी म्हणाली असती. आत्ता तिने फक्त इंजिनं बंद करायला सांगितलं.

माननीय हांगुलांनी काच खाली घेतली, काय झालं ते ड्रायव्हरला विचारलं, आणि आपली गाडी आधी बंद करवली. मग एकेक इंजिन थांबत गेलं. समुद्राचा आवाज आणि वर पाखरांचा.

एर्ना गुडघ्यांवर बसून एकेका चाकाशी बघत निघाली. तिसऱ्या गाडीशी ती वाकली असताना वरच्या मादीने चोचीत चांदीच्या काडीसारखा मासा आणला. ती ऊम फानच्या पिकअपच्या वर हवेत येऊन थांबली, खाली झेपावली आणि माणसं पाहून परत वर गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली.

आपण इथे आहोत तोवर ती उतरणार नाही, एर्नाने सांगितलं. सगळ्यांनी उतरून चाकांमागच्या ठशांवर पाय ठेवत रस्त्यावर जायचं. दुसरा उपाय तिच्याकडे नव्हता. आणि तेवढ्यात वाट चुकून पिल्लू कोणाच्या बुटाखाली गेलं, तर हा उपायही तिचाच असणार होता.

टाय लावलेले, टोपी घातलेले, केकचे डबे धरलेले लोक एकामागे एक, खाली बघत, ओढ्यातल्या दगडांवरून जावं तसे निघाले. माननीय सगळ्यांत पुढे, बूट हातात घेऊन. का, ते कोणी विचारलं नाही. रस्त्यावर फ्राऊ लोरेन्त्स नुकत्याच पोचल्या होत्या. त्यांनी ही मिरवणूक पाहिली आणि तोंड उघडलं. एर्नाने बोट ओठांवर ठेवलं, तसं मिटलं.

धुकं वितळायला लागलं. दुर्बीण एर्नाकडे होती, आणि बाकी सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. मादी उतरली. पिकअपच्या मागच्या चाकासमोर, वीतभर अंतरावर, वाळू हलली आणि तिला चोच फुटली.

“कुठे?” ऊम फानने विचारलं.

एर्नाने दुर्बीण त्याच्या हातात दिली. तो बराच वेळ बघत राहिला.

“पुढची चाकं त्याला घासून गेली असणार,” तो म्हणाला. “की ते मग येऊन बसलं?”

“माहीत नाही.”

“अजून वीतभर गेलो असतो तर...” त्याने दुर्बीण परत केली नाही. भरतीचं नावही काढलं नाही.

ऊन चढलं, गाडीखाली सावली झाली, आणि सावलीतून उठायचं पिल्लाला काही कारण उरलं नाही. लोक उभे राहिले. केक संपले. अखेर दुपारचा वारा फिरला, पिल्लू उठलं, चाकाला वळसा घालून मैदानात तुरुतुरु निघालं आणि दूरवर एका दगडाआड बसलं. मग एर्ना एकेका गाडीच्या मागे चालत राहिली, आणि एकेक गाडी तिच्यामागून उलटी रस्त्यावर आली.

माननीयांनी रस्त्यावरच भाषण केलं. लिहून आणलेलं बाजूला ठेवून ते म्हणाले की आज आपण काहीही न करता एक जीव वाचवला, आणि काहीही न करण्याचा आपल्याला पुष्कळ अनुभव आहे. टाळ्या मनापासून पडल्या. ऊम फानचे डोळे ओले होते; तो कधीच विरलेल्या धुक्याला शिव्या देत होता. त्याने दुर्बिणीला फोन टेकवून काढलेला पिल्लाचा फोटो त्याच संध्याकाळी क्लबाच्या गटावर टाकला आणि तिथून तो देशभर फिरला. एर्नाच्या वर्षभराच्या बोलण्याने जेवढी जाणीव झाली नव्हती, तेवढी त्या फोटोने चार दिवसांत झाली.

पुढच्या शनिवारी लोक पिल्लू बघायला मुलाबाळांसकट आले. एर्नाने बांधलेला दोर त्यांनी नीट सोडला आणि सगळ्यांच्या गाड्या आत गेल्यावर पुन्हा नीट बांधला. पिल्लू तोवर आईबापांबरोबर उत्तरेला, जिकडे वाट नव्हती तिकडे, सरकलं होतं. रविवारी संध्याकाळपर्यंत तिकडेही वाट झाली.