आधी काकूंचे गुलाब

रायपुरात, भनपुरीच्या अलीकडच्या त्या कॉलनीत मायाच्या गुलाबांना बावीस वर्षं कुणी टक्कर दिली नव्हती, आणि द्यावी असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. दर बुद्ध जयंतीला विहारात जी फुलं वाहिली जायची ती तिच्या अंगणातली. पांढरी साडी नेसून, भरलेली टोपली दोन्ही हातांत धरून माया विहाराच्या पायऱ्या चढायला लागली की बायका आपणहून बाजूला सरायच्या. बाकी तिच्याजवळ मिरवण्यासारखं होतं काय? नवरा हिरालाल रेल्वेतून निवृत्त झालेला. सकाळी पेपर, दुपारी कूलरसमोर घोरणं, एवढाच त्याचा कारभार. मुलगी रीना लग्न होऊन पुण्याला गेलेली आणि फोनवर आईशीसुद्धा हिंदीत बोलणारी. तेव्हा वर्षाकाठच्या त्या दहा मिनिटांवर माया जीव टाकायची, यात कुणी तिला नावं ठेवायचं कारण नाही.

सहा वर्षांपूर्वी शेजारच्या प्रशिकचं लग्न झालं आणि भंडाऱ्याची देवश्री त्या घरात आली. नवरा सिलतऱ्याच्या कारखान्यात पाळ्या करणारा, घरात दुसरं कुणी नाही. पोरगी दिवसभर कुंपणाच्या तारेला लागून उभी राहायची आणि मायाचं काम बघायची. मायाला कीव आली. तिनं तिला पहिली पाच कलमं आपल्या हातानं दिली, शेणखत किती, निंबोळीची पेंड कधी, कळी कुठून खुडायची, सगळं शिकवलं. देवश्री प्रत्येक गोष्टीला “हव काकू” म्हणायची आणि सांगितलं तसं, तस्सं करायची. तेव्हा मायाला तिचं भारी कौतुक होतं. शिकवणाऱ्याला कौतुक कधीपर्यंत असतं, तर शिकणारा मागे असतो तोपर्यंत!

यंदा मार्चपासूनच मायाच्या पोटात दुखायला लागलं. आंब्याचं गप्प बसायचं वर्ष होतं, झाडाला चार कैऱ्या धरल्या होत्या, त्यातल्या दोन वादळात पडल्या. देवश्रीकडे मात्र लिंबाच्या फांद्या जमिनीला टेकलेल्या, पपईला पपई खेटलेली. आणि गुलाब! बशीएवढाले, लाल, केशरी, एक तर असा पिवळा की माणसानं वाट चुकावी. एप्रिलच्या उन्हात मायाचे गुलाब रुपयाएवढे होऊन दुपारी माना टाकायचे. देवश्रीचे काहून नाही टाकत? मायानं आठ दिवस खिडकीच्या फटीतून पाळत ठेवली तेव्हा कळलं. कारखान्यांकडून उडून येणारी काळी धूळ सगळ्यांच्याच पानांवर बसायची. ही बया सकाळी साडेपाचला उठून ओल्या फडक्यानं एक एक पान पुसत होती.

“पान आहे का लेकराचं तोंड आहे?” माया हिरालालवर खेकसली.

“तू बी पुस न मंग,” पेपरातून मान न काढता तो म्हणाला.

मायाची कंबर आता वाकत नव्हती, आणि हे त्याला ठाऊक होतं. तिनं त्या दिवशी वरणात मीठ घातलं नाही.

जळणाऱ्याला तेल घालणारे मिळतातच. विहार समितीचे गौतमभाऊ एका संध्याकाळी आले. पाणी प्यायले, उन्हाला शिव्या घातल्या आणि जाता जाता म्हणाले, “काकू, यंदा तुमाले तरास नाही द्यायचा म्हून राहिलो. फुलं देवश्रीताईकडून घेऊन घेऊ. तिचे लय बम आले न यंदा. ग्रुपवर फोटो पाह्यले की नाही?”

पाहिले होते. चाळीस जणांनी अंगठे दाखवले होते, तेही पाहिलं होतं. माया हसली आणि म्हणाली, “घ्या न. माहीच पोरगी आहे थे.” ओठांत एक आणि पोटात एक, दोन्ही एकाच वेळी बाळगायला केवढी ताकद लागते, ते ज्याचं त्यालाच कळतं. गौतमभाऊ फाटकाबाहेर पडले आणि माया मोरीत जाऊन उगाचच भांडी आपटत बसली. बावीस वर्षं! आणि आपणच दिलेल्या कलमांनी आपल्याला पायरीवरून खाली ढकललं.

दुसऱ्या दिवशी देवश्री नेहमीप्रमाणे तारेजवळ आली. “काकू, जयंतीपर्यंत फुलं टिकतीन काय वो? अजून दीड महिना आहे. ऊन त पाहा.”

मायाला तोवर काही करायचं नव्हतं, हे शपथेवर सांगता येईल. पण प्रश्न समोर येऊन उभा राहिला आणि उत्तर तोंडातून निघून गेलं.

“छाटून टाक,” माया म्हणाली.

“आता? उन्हात?”

“चौदा एप्रिल झाली का दुसऱ्या दिवशी छाटजो. खालून वीतभर ठेवायचं, बाकी सारं साफ. चाळीस दिवसांनी नवा फुटवा अन् भरभरून फुलं. बरोबर जयंतीले.”

यातला हिशेब खरा होता, फक्त तो हिवाळ्याचा होता. ऑक्टोबरात छाटलेला गुलाब नव्यानं फुटतो. रायपूरच्या एप्रिलात छाटलेला गुलाब उघड्या काड्यांनी उन्हात उभा राहतो आणि वरून खाली काळा पडत मरतो. हे मायाला जितकं ठाऊक होतं तितकं त्या कॉलनीत कुणालाच नव्हतं.

“हव काकू,” देवश्री म्हणाली.

मायाला वाटलं, पोरगी जरा तरी विचारेल, वाद घालेल, मोबाइलवर शोधून येईल. तेवढं झालं असतं तर मायानं लगेच शब्द मागे घेतले असते, असं ती नंतर स्वतःला पुष्कळदा सांगत राहिली. पण देवश्रीनं काही विचारलं नाही.

सतरा तारखेला मायाच्या भाचीचं वर्ध्याला लग्न होतं. चौदा एप्रिलची मिरवणूक आटोपून माया रात्रीच्याच गाडीनं गेली. जाताना देवश्रीला म्हणाली, “माह्या झाडाले पाणी टाकजो वो. तुह्या काकाच्या भरवशावर काही नोको ठेवू.”

वर्ध्याला मन कुठे लागतंय! तिसऱ्या दिवशी तिनं हिरालालला फोन लावला. जेवणखाण, कूलरचं पाणी, सगळं विचारून झाल्यावर हळूच म्हणाली, “देवश्रीनं गुलाब छाटले काय वो?”

“छाटले न. दोन दिवस छाटूनच राहिली होती बिचारी. उन्हात. मी फांद्या उचलून उचलून बाहेर टाकल्या.”

“तुमी काहून गेले तिकडे?”

तेवढ्यात मांडवात बँड सुरू झाला आणि फोन कटला. मायानं पंगतीत दोन जिलब्या जास्त खाल्ल्या. गोड लागल्या म्हणावं तर लागल्या, पण रात्रभर छातीत जळत राहिलं. पहाटे तिनं मनाशी ठरवलं की पुढच्या हिवाळ्यात देवश्रीला आपण दहा नवी कलमं द्यायची. अशी परतफेड मनात ठरवली की पाप निम्मं होतं, असा तिचा हिशेब होता.

लग्नानंतर बहिणीनं ठेवून घेतलं. माया परतली तेव्हा एप्रिल संपत आला होता. रिक्षा गल्लीत वळली आणि तिची नजर आपल्या फाटकाआधी शेजारच्या अंगणात गेली. देवश्रीचे गुलाब उभे होते. लाल, केशरी, आणि तो मेला पिवळा. एक काडी कापलेली नव्हती.

मग तिनं आपलं फाटक उघडलं.

एकतीस झाडं. एकतीसही वीतभर. कापलेल्या टोकांपासून काळं खाली उतरत चाललेलं, पान एकावरही नाही. अंगण झाडून लख्ख केलेलं आणि प्रत्येक आळ्यात पाणी. माया पिशवी हातात घेऊन तिथेच उभी राहिली. हिरालाल बाहेर आला आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून दारातच थांबला.

“हे कोनं केलं?”

“देवश्रीनं,” तो म्हणाला. “तूच सांगतलं म्हणे तिले. मी काय विचारू मंग?” बत्तीस वर्षांच्या संसारात मायाच्या हुकुमाला त्यानं कधी प्रश्न विचारला नव्हता. एकदा विचारला असता तर!

देवश्री धावतच आली. उजव्या हाताला कोपरापर्यंत फडकं गुंडाळलेलं.

“काकू, मले माफ करजा वो. मी सारं तुमी सांगतलं तसंच केलं, वीत मोजून मोजून. तरी फुटवाच नाही येऊन राहिला. माहाच हात वाईट आहे.”

“माहे काहून छाटले?” मायाचा आवाज तिला स्वतःला ओळखू येईना. “मी तुले तुहे छाट म्हटलं होतं.”

“आधी तुमचेच छाटाव लागते न. विहारात तुमचे फुलं जातात.” देवश्रीला या प्रश्नाचंच नवल वाटलं. “गौतमभाऊ आले होते, म्हणे यंदा तुमी द्या. मी त्याईले तवाच म्हटलं, काकू आहे तोपर्यंत मी नाही देत. फुलं काकूच देतीन. म्हून पह्यले तुमचे केले, तयार झाले पाह्यजे बरोबर त्या दिवशी. मंग हातात काटा मोडला, पिकला, डॉक्टरनं चिरा दिला. माहे राहूनच गेले.”

पोरीनं तो मान केव्हाच परत केला होता. मायाकडेच. आणि माया वर्ध्याला जिलब्या खात होती.

त्या क्षणी खरं सांगून टाकायला हवं होतं, हे सांगायला कुणी शहाणा लागत नाही. “ऊन लय आहे, घरी जा,” माया एवढंच म्हणाली.

मग तीन आठवडे ती आणि ऊन. गोल बाजारातून तिनं हिरवी जाळी आणवली, बुंध्यांना ओली पोती गुंडाळली, काळी टोकं कापून त्यांना शेण लावलं. देवश्री डाव्या हातानं बादल्या आणून द्यायची. माया तिच्याकडे बघायची नाही. एकतीसातली सात वाचली, आणि त्या सातांनाही डोळ्याएवढी पालवी, बस. कॉलनीतल्या बायका येऊन हळहळायच्या आणि देवश्री प्रत्येकीला सांगायची, “माह्यामुळं झालं वो.” ती असं म्हणाली की मायाचं वाचलेलं रक्तही आटायचं.

बुद्ध जयंतीच्या सकाळी देवश्री दारात उभी राहिली. पांढरी साडी, टोपली काठोकाठ भरलेली. तिनं आपलं झाडन् झाड ओरबाडलं होतं. “चला काकू. तुमीच न्यायची आहे.”

मायानं टोपली घेतली. पायऱ्या चढताना बायका नेहमीसारख्या बाजूला सरल्या. तोच दिवस, तोच मान, जसा हवा होता तसा, आणि हातातलं एक फूल तिचं नव्हतं. आत गौतमभाऊ माइकवरून म्हणाले, “यंदा काकूच्या बागेचं नुकसान झालं, तरी देवश्रीताईनं…”

“थांबा,” माया म्हणाली. टोपली तिनं खाली ठेवली. “तिनं काही नाही केलं. मीच तिले खोटं सांगतलं. मले माहीत होतं उन्हात छाटलं का झाड मरते. तिचे मराव म्हून सांगतलं. माह्या पोटात दुखत होतं. जाणूनबुजून सांगतलं मी.”

बावीस वर्षांत माया तिथं एवढं बोलली नव्हती. आता हे सगळे आपल्याला काय म्हणतील ते म्हणोत, तिला वाटलं, दगड मारले तरी चालतील.

देवश्रीचे डोळे भरून आले. ती बायकांकडे वळली. “पाहा वो, पाहा. माही चूक बी आपल्या अंगावर घेऊन राहिल्या. एवढ्या लोकाईत मले कोनी बोलू नये म्हून.”

“अवं, नाही. खरं सांगून राहिली मी.”

“असं मन पाह्यजे,” मागून एक म्हातारी म्हणाली. गौतमभाऊंनी माइक पुन्हा तोंडाजवळ नेला आणि मोठ्या मनावर दोन वाक्यं बोलले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माया “नाही, नाही” म्हणत राहिली, आणि जितकं ती नाही म्हणाली तितकी तिची थोरवी वाढत गेली.

तिनं देवश्रीच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. कुठे शंकेचा कण सापडतो का, म्हणून पाहिलं. काही नव्हतं. असा कुणावर विश्वास टाकणं मायाला जन्मात जमलं नव्हतं. नवऱ्यावर नाही, पोटच्या पोरीवर नाही. आणि ही भंडाऱ्याची पोरगी तो विश्वास हातात धरून उभी होती, फुकट. मायाला त्याचा जेवढा हेवा वाटला तेवढा बशीएवढ्या गुलाबांचाही वाटला नव्हता.

फुलं वाहून झाली. खाली बसल्यावर देवश्री तिच्या जवळ सरकली आणि कानाशी येऊन म्हणाली, “काकू, पुढच्या खेपेले कवा छाटू ते सांगजा. तुमी म्हणान तवाच छाटीन.”

“मले नोको विचारू,” माया म्हणाली. “कवाच नोको विचारू.”

फडकं बांधलेला हात देवश्रीनं पदराखाली घेतला. मग अगदी हळू म्हणाली, “अजून रागावून आहे न तुमी माह्यावर?”