सोनं न चालणारं मलम

रविवारच्या बाजारात मिरच्या-टोमॅटो घ्यायला आलेल्या बाया भाजी विसरून एका तंबूपुढे रेटारेटी करत होत्या. कॅलिफोर्नियातल्या द्राक्षमळ्यांचं ते गाव. जन्म उन्हात गेलेला, त्यामुळे वांग नाही असा गाल तिथे विरळाच. तंबूत एलिसेओबुवा उभा होता. गळ्यात सोन्याची जाड साखळी, हातात रबरी मोजे, पुढ्यात बिननावाच्या डब्यांची रास.

"ग्वादालुपेच्या मेरीमातेनं स्वप्नात कृती सांगितली!" बुवा गरजला. "तीन आठवड्यांत चेहरा लख्ख! फक्त लावताना अंगावरचं सोनं काढा. सोनं म्हणजे लोभ, आणि लोभाला कृपा शिवत नाही!"

स्वतःच्या साखळीतला लोभ बहुधा त्याला क्षम्य होता.

ओतिलिया दुसरा डबा घ्यायला आली होती, लेकीसाठी. महिन्याभरात नायेलीची पंधराव्या वाढदिवसाची, त्यांच्यात लग्नासारखी थाटाची मेजवानी होती आणि पोरगी मुरुमांच्या काळ्या डागांपायी आरशात बघेना. ओतिलियाचं स्वतःचं वांग खरंच फिकं झालं होतं. पण द्राक्षं खुडून बोटांची पेरं जाड झालेली, लग्नाची अंगठी निघेचना. ती तशीच ठेवून मलम चोळलं, आणि अंगठी पांढरी पडली. भीत भीत तिने हात पुढे केला.

"बुवा, हे असं का झालं?"

"घरात कुणीतरी पाप केलंय!" बुवा सर्वांना ऐकू जाईल असं म्हणाला.

"तुझ्या नवऱ्याला, एफ्राइनला विचार गं, रात्री कुठं असतो!" मागून कुणीतरी खिदळलं. ओतिलियाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दवाखान्यातली नर्स रोसाउरा गर्दीतच होती. तिला अंगठीच्या आधी ओतिलियाचा थरथरता हात दिसला.

"झोप लागते का गं, ताई? तोंडाला धातूची चव येते?"

"तुला कसं कळलं?"

रोसाउराने कानातलं सोन्याचं फूल काढलं, चमच्याने मलम घेऊन त्यावर थापलं आणि घड्याळ लावून बसली. बुवाने बराच आरडाओरडा केला. थोड्या वेळाने तिने फूल पुसून वर धरलं. ते चांदीसारखं पांढरं झालं होतं.

"माझं तर लग्नसुद्धा झालेलं नाही, बुवा. माझ्या घरातलं पाप कुणाचं?"

बाया हसल्या. बुवा डबे आवरू लागला.

"यात पारा आहे," रोसाउरा म्हणाली. "पारा सोन्याला चिकटतो, म्हणून सोनं नको. कातडीतून आत जातो, म्हणून त्याच्या हातात मोजे. रंग तयार होणं थांबतं, डाग फिके दिसतात, आणि तोवर मूत्रपिंडं, मेंदू नासतात. मलम बंद केलं की डाग परत येतात."

"आज रात्री नायेलीला लावणार होते मी," ओतिलिया म्हणाली. मग तिने बुवाचा हात धरला. "मोजे काढ. घे, तुझ्या गालाला लाव."

बुवाने हात हिसडला आणि डबे तिथेच टाकून पळाला. रोसाउराने ते पिशवीत बांधून आरोग्य खात्याकडे दिले, आणि ओतिलियाला तपासणीसाठी दवाखान्यात नेलं.

मेजवानीला नायेली डागांसकट नाचली. डॉक्टरांचं औषध, टोपी आणि उन्हापासून वाचवणारं रंगीत क्रीम सुरू झालंय, डाग जायला महिने लागतील. ओतिलिया मात्र दर रविवारी पांढरी अंगठी घालून बाजारात उभी असते. "बायांनो, डब्यात काय आहे ते विचारा," ती सांगते. "जो सांगत नाही, त्याचं काही तोंडाला लावू नका. मी विचारलं नव्हतं."