दोरीतला पक्षी

"धक्का कुठं गेला?"

होडीवाला वल्ही पुसत बसला होता. त्याने मान वर केली नाही. "रात्रीत चोरीला गेला," तो म्हणाला. "सुट्टी कशी गेली विचारणार होतो, पण तू आल्या आल्या पंचनामाच सुरू केलास."

"चेष्टा नको. कुठं आहे?"

"तो काय, टोकाला. काल नव्या मॅडमनी चौघांना कामाला लावलं आणि ओढत नेला. तुझ्याच पाखरांसाठी केलं बाबा सगळं. जरा हस की."

रखवालदार हसला नाही. त्याने कपाळावर हात धरून उन्हाच्या दिशेला पाहिले.

धक्का म्हणजे रिकाम्या पिंपांवर फळ्या ठोकून केलेला तरंगता चौथरा. त्यावर उभे राहून लोक वल्ह्यांच्या होड्यांत उतरत. वर्षानुवर्षे तो हिरवळीसमोर, दोरीच्या कुंपणाला अगदी लागून असे. आता तो तलावाच्या पार दुसऱ्या टोकाला, गोट्यांच्या उघड्या पट्टीला टेकून उभा होता. थोड्या वेळाने फाटक उघडणार होते. हंगामाचा पहिला दिवस, सगळ्या होड्या आधीच ठरलेल्या. तासाभरात त्या पट्टीवर मुलांचे जोडे, डबे आणि चेंडू पसरणार होते.

आणि खरे घरटे तिथेच होते.

हे त्याच्याखेरीज जगात कुणालाच ठाऊक नव्हते. वन्यजीव विभागात तो नवा होता तेव्हा दोरी खऱ्या घरट्याभोवतीच बांधत. चार खुंट, एक दोरी आणि पाटी: 'पक्ष्याचे घरटे आहे. कृपया दोरी ओलांडू नका.' दोरी दिसली की माणूस थांबतो. थांबला की वाकतो आणि वाकला की आणखी एक पाऊल पुढे टाकतो. कंठेरी चिखल्या हा मुठीत मावेल एवढा पक्षी. गोट्यांतच उथळ खळगा करून अंडी घालतो, आणि अंडी अशी की गोट्यांत मिसळून जावीत. एके वर्षी एक भला गृहस्थ बायकोमुलांचा फोटो काढण्यासाठी मागे मागे सरकत गेला. त्याला तर कळलेही नाही. उगाच दोरीत पाय अडकला म्हणून त्याने चारचौघांची माफी मागितली आणि निघून गेला. रखवालदाराने नंतर खाली वाकून पाहिले. त्या दिवशी त्याला जेवण गेले नाही.

त्याच हंगामात त्याने दुसरी एक जोडी पाहिली. कुत्रे हुंगत हुंगत घरट्याकडे निघाले होते. मादी एकदम समोर आली आणि मोडल्यासारखा एक पंख जमिनीवर फरफटत, लंगडत पळू लागली. कुत्रे तिच्या मागे. घरटे पुरते लांब राहिल्यावर ती भुर्रकन उडाली. कुत्रे तोंड वासून उभे.

पुढच्या वर्षी त्याने दोरी हिरवळीसमोर बांधली. तिथे गोट्यांशिवाय काही नव्हते. लोक दोरीशी जमले, डोळ्यांना दुर्बिणी लावल्या, एकमेकांना बोटे दाखवली आणि समाधानाने घरी गेले. टोकाकडे कुणी फिरकले नाही. तेव्हापासून तो दरवर्षी हेच करी. कुणी दोरीला फार खेटले की कर्कश ओरडे. म्हणून मुले त्याला टिटवीकाका म्हणत. ऑफिसला 'घरटं सुरक्षित आहे' एवढेच सांगे, आणि ते खोटे नसे. बायकोलाही बोलला नव्हता. एकाला सांगितले की ते दोघांचे होते, असे त्याला वाटे.

पूर्वी तलावावर चार-पाच जोड्या येत. यंदा एकच आली होती.

तो टोकाकडे निघाला, पण अर्ध्या वाटेवरच थांबला. जवळ जायची गरजच नव्हती. दोन्ही पक्षी हवेत होते. धक्क्याभोवती घिरट्या घालत, बारीक आवाजात पुन्हा पुन्हा ओरडत होते. एकही खाली बसायला तयार नव्हता. अंडी उघडी पडली होती आणि ऊन चढत होते. एक-दोन दिवसांत पिल्ले बाहेर यायची होती.

नव्या मॅडम फाटकाशी लाइफ जॅकेट मोजून ठेवत होत्या. अधिकारी म्हणून बदलून येऊन त्यांना फार दिवस झाले नव्हते. त्याला पाहून त्यांचा चेहरा उजळला. "बघितलंत का? तुमच्या घरट्याला होड्यांचा त्रास नको म्हणून धक्का हलवला. तुम्ही सुट्टीवर होतात, म्हटलं तुम्हाला चकितच करू."

"मॅडम, तो परत जागेवर न्यावा लागेल."

"का?"

"घरटं दोरीत नाहीये. टोकाला आहे. तुम्ही धक्का लावलाय ना, तिथंच."

मॅडमनी दोरीकडे पाहिले. सकाळी फिरायला आत सोडलेले दोघे-तिघे तिथे आत्ताच उभे होते. "मग हे काय बघतायत?"

"गोटे, मॅडम."

त्या हळूच म्हणाल्या, "परवा मी पण बघितला. दुर्बिणीतून. मला वाटलं, हलला."

"सगळ्यांनाच वाटतं."

मग त्याने सगळे सांगितले. फोटोवाला गृहस्थ, कुत्रे, सगळे. मॅडम ऐकत होत्या, पण त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू मावळत गेले.

"मी आले त्या दिवशी तुम्हाला विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "इथलं काही मला माहीत असायला हवं का? तुम्ही म्हणालात, डास फार आहेत."

तो खरेच तसे म्हणाला होता.

"उद्या तुम्ही आजारी पडलात, आणि मी त्या टोकावर तंबू ठोकले, तर?"

इतक्या वर्षांत हा विचार त्याच्या मनाला शिवला नव्हता.

"होड्या बंद नाही ठेवता येणार," मॅडम म्हणाल्या. "लोक लांबून आलेत. त्यांनी तलावावर यायचंच नाही, तर उद्या तलावासाठी भांडणार कोण? दोन्ही सांभाळायचं म्हणून तर आपला विभाग आहे. मी सगळ्यांना आधी झाडीतल्या पायवाटेनं फिरवून आणते. तेवढ्यात धक्का हलवा. आणि हो," जाता जाता त्या वळल्या, "दोरी राहू दे तिथंच."

होडीवाल्याने कपाळाला हात लावला. "काल ओढला, आज परत ओढा. धक्का आहे का नवरदेवाचा घोडा?" पण अंगरखा काढून तो पाण्यात उतरला. कालचेच तिघे सोबतीला आले. धक्का टोकापासून सुटला तसे पक्ष्यांचे ओरडणे थोडे कमी झाले. रखवालदार काठाकाठाने सोबत चालत होता. हिरवळ जवळ आली, आणि समोरून ओळखीचा आवाज आला.

"खबरदार! एक पाऊल पुढं आलात तर!"

त्याची ताई काठी आडवी धरून पाण्याच्या कडेला उभी होती.

तो विसरलाच होता. पहिला दिवस ताई कधी चुकवत नसे. आई गेल्यावर हिनेच त्याला वाढवले. दवाखान्यातल्या चादरी-अभ्रे धुण्यात हिचा जन्म गेला. आता गुडघे धरले होते, तरी हंगामाच्या पहिल्या दिवशी बस पकडून, घडीची खुर्ची बगलेत मारून ती येई. दोरीशी खुर्ची मांडून दिवसभर बसे. त्यानेच दिलेली जुनी दुर्बीण गळ्यात असे. माझ्या भावाचा पक्षी, असे सगळ्यांना सांगे. कुणी मोठ्याने बोलले की डोळे वटारी.

"धाकट्या, बरं झालं आलास," ती म्हणाली. "यंदा कुठं धक्का लांब नेला म्हणाले, तर ही माणसं परत माझ्या पक्ष्याच्या उरावर फळ्या आणून टाकतायत. मी हलायची नाही इथून."

"आजी, पाणी गार आहे हो," होडीवाला कमरेइतक्या पाण्यातून म्हणाला. "पडसं होईल मला."

"होऊ दे. इथं अंडी गार होतील त्याचं काय?"

रखवालदार तिच्याजवळ गेला. "ताई, आधी खाली बस."

"बसणार नाही."

"इथं अंडी नाहीत."

तिची काठी खाली आली. "फुटली?"

"फुटली नाहीत. नव्हतीच. इथं कधीच काही नव्हतं, ताई. घरटं दुसरीकडं असतं. लोकांनी तिकडं जाऊ नये म्हणून मी ही दोरी इथं बांधतो."

ताईने हाताने चाचपून खुर्ची शोधली आणि बसली. दोरीतल्या गोट्यांकडे ती पाहत राहिली. होडीवाल्याला काय वाटले कोण जाणे, त्याने तोंड दुसरीकडे फिरवले.

"तू दरवर्षी म्हणायचीस, दिसला," तो म्हणाला. "मला वाटायचं, ताईला बरं वाटतंय, तर असू दे."

"मला काही दिसायचं नाही रे." तिचा आवाज अगदी साधा होता. "पहिल्या वर्षी शेजारची बाई म्हणाली, तो बघा, शेपटी हलवतोय. मला नुसते गोटे. वाटलं, आपले डोळे गेले. सगळ्यांना दिसतंय, मलाच नाही. तुला कशाला घोर लावायचा, म्हणून मी पण म्हटलं, हो, दिसला. तेव्हापासून म्हणतेच आहे." तिने नाकावरचा चष्मा सरळ केला. "दोनदा चष्मा बदलला मी. तुला कळू न देता."

रखवालदार तिच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसला. "तुला सांगायला हवं होतं," तो म्हणाला.

"हवंच होतं. मी काय दवंडी पिटणार होते?"

"नाही."

"मग?"

"चिरडलेली अंडी एकदा बघितलीयत मी, ताई. त्यानंतर कुणाचाच भरवसा वाटेना."

"माझाही?"

त्याने तिच्याकडे पाहिले नाही. ताईनेही त्याच्या डोक्यावर हात वगैरे ठेवला नाही. थोड्या वेळाने तिने काठी उचलली आणि होडीवाल्याला खूण केली. "आण रे त्या फळ्या. भिजून बोका झालास."

धक्का जागेवर लागला. साखळीचा आवाज झाला. झाडीतून माणसांची कुजबुज जवळ येऊ लागली.

"खरा कुठं असतो?" ताईने विचारले.

त्याने हात उचलला नाही. तशी त्याला सवयच नव्हती. फक्त नजर क्षणभर टोकाकडे गेली आणि परत आली. ताईने ती नजर बरोबर टिपली.

"तिथवर मला चालवायचं नाही," ती म्हणाली.

"नाही. आणि चालवलं असतं तरी..."

"कळलं. जायचं नसतं." तिने चष्मा काढून पदराने पुसला. "बरं, माणसं येतायत. पटकन सांग, कसा असतो दिसायला?"

"चिमणीपेक्षा जरा मोठा. पाठ मातीच्या रंगाची, पोट पांढरं. गळ्यात काळा पट्टा. तुरुतुरु पळतो, मधेच थबकतो, परत पळतो. आणि डोळ्याभोवती पिवळी कडी असते. रंगवल्यासारखी."

"पिवळी," ताई पुटपुटली. "मी आपली लाल सांगायचे."

मॅडमच्या मागोमाग लोक हिरवळीवर आले. गळ्यात मोठी दुर्बीण अडकवलेला एक माणूस सगळ्यांच्या पुढे होता. त्याने धक्का पाहिला, दोरी पाहिली, पाटी वाचली. "घरट्याच्या इतक्या जवळ होड्या?" तो मॅडमना म्हणाला. "बरोबर नाही हे. टोकाची ती जागा तर मोकळीच आहे."

मॅडम दोरीवरच्या पाटीकडे पाहू लागल्या. रखवालदाराने न राहवून टोकाकडे पाहिले. एक पक्षी खाली उतरला होता. पळाला, थबकला, पुन्हा पळाला, आणि अंग हलवत हलवत गोट्यांत बसला.

ताई खुर्चीतून उठली. तिने खुर्ची फिरवून टोकाकडे पाठ करून मांडली आणि पुन्हा बसली.

"त्याला होड्यांची सवय आहे," ती त्या माणसाला म्हणाली. "हळू बोला फक्त. या, इथं उभे राहा. माझ्या बाजूला. हां. तो काळा गोटा दिसतोय ना, त्याच्या जरा अलीकडं बघा. मातीच्या रंगाची पाठ. गळ्यात काळा पट्टा. नीट बघितलं तर डोळ्याभोवती पिवळी कडी पण दिसेल."

माणूस वाकला. त्याने दुर्बीण लावून चाक मागेपुढे केले. मागची मुले श्वास रोखून उभी राहिली.

"हो की," तो म्हणाला. "दिसली."

"नशीबवान आहात," ताई म्हणाली.