निष्कलंक लेथ

आश्विनाचे ऊन. बालाघाटाच्या उघड्या माळावरचे, कुसळी गवताच्या शेंड्यांवरून सरकणारे, धुतलेले, सुवर्णपिंगट ऊन. ते तंत्रनिकेतनाच्या कार्यशाळेत काचांतून उतरले आणि झेंडूच्या माळेवर येऊन थांबले. माळ लोखंड कातणाऱ्या लेथला घातलेली होती. आज खंडेनवमी होती.

पूजेला तंत्रशिक्षण सहसंचालक मृदुला सबनीस आल्या होत्या. खात्यातल्या त्या पहिल्या अभियंता बाई. परवा निवृत्त होणार होत्या. हा माळ त्यांनीच मागून घेतला, हे छत त्यांनीच उभे केले, आणि या लेथसाठी सहा वर्षे मंत्रालयाचे उंबरे झिजवले. कशासाठी? मुलींच्या हातांनी लोखंड कातावे, एवढ्यासाठी.

हळद लेथवर. कुंकू लेथवर. बारा नवम्यांचे, थरावर थर साचलेले, रक्तपीत हळदकुंकू. आणि दांडा पकडणाऱ्या चकवर कारखान्यातून आलेले प्लॅस्टिक अजून तसेच.

“बघा मॅडम,” प्राचार्य धोंडगे कौतुकाने म्हणाले, “बारा वर्षं झाली, एक ओरखडा नाही. कायम कुलपात असतो. तपासणीला कुणी बोट दाखवायची सोय नाही.”

बाईंनी समोरच्या मुलीला विचारले, “तू चालवलास?”

तिसऱ्या वर्षाची सरोज वाघमोडे वही छातीशी धरून म्हणाली, “नाही मॅडम. वहीत काढलाय. खिडकीतून बघून.”

बारा वर्षे. बारा तुकड्या. रेखलेल्या, रंगवलेल्या, सही झालेल्या आकृत्या; आणि कातलेला दांडा एकही नाही. बाईंना चीड आली. धोंडग्यांची आली, खात्याची आली, सर्वांत जास्त स्वतःची आली. दरवर्षी अहवालात ‘यंत्रे सुस्थितीत’ हे दोन शब्द वाचून समाधानाने सही त्यांनीच केली होती.

त्यांनी माळ उतरवली. प्लॅस्टिक फाडले. पाटावरची कुंकुममाखली कानस उचलली.

“मॅडम, आज पूजेची हत्यारं उचलत नाहीत,” धोंडगे पुटपुटले.

“बारा वर्षं नवमीच चाललीय इथं.”

आणि यंत्राच्या हिरव्या रंगावर, कामाला इजा होणार नाही अशी जागा जाणत्या बोटांनी शोधून, त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत एक रेघ ओढली. रंग उडाला, आवाजाने दात आंबले. धोंडगे डोळे मिटून उभे राहिले.

“आता राखण्यासारखं काही उरलं नाही,” बाई म्हणाल्या. “सरोज, वही ठेव.”

तेल आले. चकात दांडा आवळला. बारा वर्षे निजलेले पोलाद घरघरले, थबकले, पुन्हा घरघरले, फिरले. सरोजच्या मनगटावर बाईंनी आपला हात ठेवला. हत्याराचे टोक लोखंडाला भिडले. आणि पहिली, नीलवर्णी, तापलेली, कुरळी साल झेंडूच्या पाकळ्यांत गळून पडली.

बाईंनी ती उचलली. बोट पोळले. तरी सोडली नाही.