श्वासमहाराजांची दोन मिनिटं

श्वासमहाराजांनी भिंतीवरची कळ खटकन बंद केली आणि बैठकीच्या खोलीत दाटीवाटीने बसलेल्या चाळीस माणसांनी माना उंचावल्या.

"यंत्र मेलं!" महाराज गरजले. "लाल दिवा विझला की नाही?"

"विझला!"

"मग आता जे येतंय ते कुठून येतंय?"

भिंतीच्या तळाशी असलेल्या लोखंडी जाळीतून ऊबदार वारा येतच होता. महाराजांच्या दाढीची टोकं हलत होती, पुढच्या रांगेतल्या शालींचे काठ फडफडत होते, खोलीभर निलगिरीचा घमघमाट सुटला होता आणि जाळीच्या आतून कुणीतरी मोठं माणूस जेवून पडल्यासारखा हुंकार ऐकू येत होता.

"हा वायूचा श्वास आहे, बाळांनो! याला बटण नसतं, याला वायर नसते! छातीत भरून घ्या. दमा जातो, खोकला जातो, कफ तर नुसतं नाव काढताच पळतो!"

चाळीस छात्या फुगल्या. महाराजांनी डोळे मिटले, ओठ हलवले, मग हात उंचावून म्हणाले, "आता जा." वारा थांबला. एका म्हाताऱ्या गृहस्थांना तर हुंदकाच फुटला.

दारात उभ्या असलेल्या मोटरवाल्या बाईंनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. दोन मिनिटं. त्या ओठातल्या ओठात हसल्या. हे घर त्यांच्या थोरल्या भावाचं. बाजारात त्यांचं विजेच्या मोटरी दुरुस्त करायचं दुकान होतं आणि पंचवीस वर्षं तांब्याची तार गुंडाळून त्यांची बोटं खडबडीत झाली होती. दुकानात गिऱ्हाइकं त्यांना वचकून असत. या घरात मात्र पंचावन्नाव्या वर्षीही त्या 'चिमणी'च होत्या.

महाराजांनी कळ पुन्हा चालू केली, मिनिटभर काहीबाही पुटपुटले आणि "ये!" म्हणताच वारा आला. सगळा खेळ पहिल्यापासून पुन्हा झाला. बाईंनी पुन्हा घड्याळात पाहिलं. पुन्हा दोनच मिनिटं, सेकंदाचा फरक नाही. खरोखरीचा देव असता तर एखाद वेळी तरी उशीर झाला असता, असं त्यांना वाटलं.

त्या स्वयंपाकघरात गेल्या. वहिनी ओट्याला टेकून उभ्या होत्या आणि दर श्वासाला त्यांच्या छातीत शिट्टी वाजत होती. ती शिट्टी ऐकली आणि बाईंचं हसू मावळलं.

"वहिनी, दम्याचा पंप कुठाय तुमचा?"

"सोडलाय, वन्सं. तीन आठवडे झाले." वहिनी मध्येच थांबल्या, दम घेतला. "महाराज म्हणाले, दोन श्वास एकत्र नांदत नाहीत. औषधाचा तरी घ्या, नाहीतर वायूचा."

"आणि बरं वाटतंय?"

वहिनींनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "नाही हो. जास्तच झालंय. महाराज म्हणतात, आजार निघताना कण्हतो. तुमच्या दादांपुढे बोलू नका. किती आशेवर आहेत ते!"

मोटरवाल्या बाईंना आधी भयंकर राग आला आणि मग भीती वाटली. असा दमा घेऊन पंपाशिवाय बसलेलं माणूस एखाद्या दिवशी बसल्या जागीच गुदमरतं, हे त्यांना ठाऊक होतं. दादांनाही ठाऊक होतं. बायकोचा दम तीस वर्षं उशाशी ऐकून हा माणूस आतून पार घाबरून गेला होता, आणि घाबरलेल्या माणसाला कुणीही कुठेही बसवावं.

हे महाराज सहा महिन्यांपूर्वी पडदेवाले म्हणून या घरात आले होते. खिडक्यांचं माप घेताना त्यांनी माणसांचंही माप घेतलं. जाळीजवळ वाकले असताना कुणीतरी कळ बंद केली आणि वारा मात्र चालूच राहिला, हे त्यांनी हेरलं. घरच्यांना याचा पत्ताच नव्हता. त्यांच्या लेखी भिंतीवरची कळ हेच यंत्र. घर उबदार ठेवणारं खरं यंत्र जिन्याखालच्या कपाटात होतं, पण तिथे झाडूखेरीज कुणी डोकावलं नव्हतं. पडदेवाल्यांनी दाढी वाढवली आणि त्या कपाटाला गाभारा म्हणून कुलूप ठोकलं. आत फक्त महाराजांनी जायचं. किल्ली दादांच्या गळ्यात.

"दादा, किल्ली दे," बाईंनी बाहेर येऊन सरळ मागितली.

"चिमणे, गप्प बस! लोक बसलेत."

"बरं, राहू दे." त्या थेट जाळीपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "मंडळी, मलाही थोडी सिद्धी आहे. दाखवू?"

महाराजांची दाढी थरथरली. पण चाळीस माणसं पुढे सरसावली होती. फुकटचा दुसरा चमत्कार कोण सोडतो?

बाईंनी कळ चालू केली, डोळे मिटले आणि खर्जात सुरू केलं, "स्क्रू, नट, वॉशर… वॉशर, वॉशर… बुश, बेअरिंग, कपॅसिटर…" मिनिटभर त्यांनी दुकानातला अख्खा खण म्हणून दाखवला आणि मग ओरडल्या, "ये!"

वारा आला. मागच्या रांगेतल्या दोघांनी हात जोडले.

जाळी चांगली तापू दिली आणि मग त्यांनी कळ बंद केली. लाल दिवा विझला, वारा सुरूच. त्या घड्याळावर नजर ठेवून शांतपणे पुन्हा वॉशर मोजत राहिल्या आणि दोन मिनिटं भरताच म्हणाल्या, "जा." वारा गेला. मघाचे म्हातारे गृहस्थ त्यांच्या पायाशी वाकले.

"उठा हो, आजोबा!" बाई खेकसल्या. "वॉशरच्या पाया पडता?"

"माझीच शक्ती तिच्यात उतरली आहे," महाराज घाईघाईने म्हणाले.

"मग आता तुम्ही उतरवून दाखवा. कळ चालू करा, आणि हात वर करून वारा लगेच बोलवा. मिनिटभर थांबायचं नाही. किंवा बंद केल्यावर तीन मिनिटं चालू ठेवा. एक मिनिट जास्त, एवढंच मागणं."

महाराजांना एकाएकी दुसऱ्या गावचा एक अत्यवस्थ भक्त आठवला. ते उठले, पण दार गर्दीने अडलं होतं.

वहिनी भिंतीला धरत बाहेर आल्या. त्यांनी दादांपुढे हात पसरला. बोलायला दम नव्हता. दादांनी त्या हाताकडे पाहिलं, निळसर पडलेल्या नखांकडे पाहिलं आणि गळ्यातली किल्ली काढून दिली.

जिन्याखालचं कपाट उघडलं. बाईंनी मुख्य स्विच बंद केला, यंत्राचा पत्रा काढला आणि बोट दाखवलं. "हा तुमचा वायू. याला ब्लोअर म्हणतात. मोटर आणि तिला जोडलेला पंखा. खाली भट्टी. कळ लावली की आधी भट्टी तापते, तोंडावर गार वारा येऊ नये म्हणून. मग मोटर फिरते. कळ बंद केली की भट्टी विझते, पण आतला पत्रा तापलेला असतो. गॅस बंद केल्यावर तवा लगेच गार होतो का? ती उरलेली ऊब घरात ढकलायला मोटर दोन मिनिटं फिरत राहते. बनवणाऱ्यानेच तसं लावून दिलेलं असतं."

"आणि तो हुंकार?" कुणीतरी विचारलं.

"बेअरिंग कोरडं पडलंय. तेलाच्या दोन थेंबांत देव गप्प होईल."

मग त्यांनी धूळ अडवणारा फिल्टर ओढून काढला. पांढरा असायला हवा होता, तो काळपट लोकरीसारखा झाला होता, मध्येच वाकून बाजूला फट पडली होती आणि वरून निलगिरीच्या तेलाने थबथबला होता. मागे अर्धी बाटली होती.

"हा दर महिन्याला बदलायचा असतो. इथे कुणी कधी बदललाच नाही, आणि कुलूप लागल्यावर तर बघायचीही सोय राहिली नाही. या फटीतून सगळी धूळ त्या जाळीत जात होती, वर तेलाचा उग्र वास. आणि दादा, दम्याच्या माणसाला तू त्याच जाळीपुढे रोज दोन तास बसवत होतास."

"मला वाटलं, ती वाचेल," एवढंच दादा म्हणाले, आणि चाळीस माणसांदेखत रडले. बाईंना त्यांच्यावर ओरडायचं होतं. त्यांनी भावाच्या खांद्यावर ग्रीस लागलेला हात ठेवला. या गडबडीत महाराज मागच्या दाराने गेले होते.

वहिनींनी स्वयंपाकघरातल्या खणातून पंप आणला, सगळ्यांसमोर दोनदा ओढला आणि खुर्चीत बसून राहिल्या. हळूहळू छातीतली शिट्टी बारीक झाली.

"मग आमच्या खोकल्याचं काय?" मघाचे म्हातारे गृहस्थ काकुळतीला येऊन म्हणाले. "इतके दिवस आलो आम्ही."

"काका, घड्याळ तुमच्याही हाताला आहे," वहिनी म्हणाल्या. "मी इतके महिने त्या जाळीपुढे बसले आणि किती मिनिटं वारा येतो, हे एकदाही पाहिलं नाही. कपाट उघडा म्हणाले नाही. जास्त होतंय हे कळत होतं, तेही बोलले नाही. आपण एवढं तरी करायला हवं होतं." त्यांनी शाल आवरली. "मी आत्ता दवाखान्यात चाललेय, छाती तपासून घ्यायला. अकरा वाजता डॉक्टरीणबाई येतात. माझ्याबरोबर कोण येतंय?"

आधी कुणीच उठलं नाही. मग ते म्हातारे गृहस्थ खोकत खोकत उभे राहिले आणि त्यांच्यामागे आणखी सात जण.