पिवळा ठिपका कोणता?

मित्रांनो, मी मोटारसायकलच्या पुढच्या चाकाचा टायर. आता पार झिजलोय, पडेगावात एका घरामागं पडून आहे. गोड बोलायला मला जमत नाही. जन्मभर डांबरावर घासलेल्यानं गोड कुठून बोलावं? पण एक कोडं मला अजून सुटलेलं नाही, तेवढं ऐका.

कारखान्यात माझ्या अंगावर एक पिवळा ठिपका मारला होता. टायर सगळीकडून सारख्या वजनाचा नसतो. जिथं हलका, तिथं हा ठिपका. रिमवर चढवताना तो हवेच्या जड व्हॉल्व्हपाशी आणायचा, म्हणजे चाकाचा तोल सांभाळला जातो.

मला आकाशनं घरच्या मोटारसायकलसाठी आणलं. त्याची बहीण अमृता त्या गाडीवरून रोज चिकलठाण्याला कंपनीत जायची. त्यांचे वडील दुकानात बसवलेलं पुढचं चाक डगमगून जालना रोडवर पडले होते, ते उठलेच नाहीत. तेव्हापासून आकाशचा कुठल्याच दुकानावर विश्वास नव्हता. मोबाईलवर बघून बघून तो घरीच टायर बसवायला शिकला होता.

त्या रविवारी मऊ पडावं म्हणून त्यानं मला उन्हात ठेवलं आणि साबणाचं पाणी आणायला आत गेला. तेवढ्यात त्याची आई, गोजरबाई, बाहेर आली. तिनं इकडंतिकडं बघितलं, हळदीत बोट बुडवलं आणि माझ्या अंगावर भराभर टिकल्या लावून ती निघून गेली. नव्या वस्तूला हळद लावतात, हे मला दुकानातच कळलं होतं. मग चोरासारखं कशाला?

आकाश आला आणि बघतच राहिला. "याला काय गोवर निघाला का? माय, कोनी हात लावला?"

"म्या नाय बाबा," आतून आवाज आला. ओट्यावर शेजारची कडूबाई गहू निवडत बसली होती. तिनंही नाही म्हणून मान हलवली.

खरा ठिपका कोणता, ते त्याला कळेना. खरं सांगतो, मलाही कळेना! शेवटी त्यातला ठसठशीत बघून त्यानं तो व्हॉल्व्हपाशी आणला आणि मला लोखंडी पट्ट्यांनी रेटून रिमवर चढवलं. मग चाकाचा दांडा दोन स्टुलांवर टेकवला आणि चाक फिरवलं. दरवेळी तीच जड बाजू खाली येऊन थांबायची. समोरच्या बाजूला त्यानं वजनासाठी शिशाच्या चिकटपट्ट्या लावल्या. आणखी लावल्या. संपल्या, तरी तोल येईना.

"बसव तसंच भाऊ," अमृता म्हणाली. "उद्या फर्स्ट शिफ्ट हाय. सुट्टी नाय भेटायची."

आकाशनं घाम पुसला. "मग हळू चालव. चाक डगमगन थोडं."

हे ऐकलं आणि गोजरबाई दारात आली. "थांब रे. हळद म्या लावली."

कडूबाईच्या हातातलं सूप थांबलं. "अगं बाई! मोकळ्या कपाळाची तू, अन् पोरीच्या गाडीला हळद? अपशकून केला की गं!"

"कडूकाकू," अमृता फणकारली, "याच हाताच्या भाकरी रोज डब्यात नेते मी. तवा तर नाय पडले कधी!"

"मघाशीच सांगायचं की माय," आकाश म्हणाला.

गोजरबाईनं ओट्याकडं बघितलं. "कोनापुढं सांगू?"

आकाशनं बादली उचलली आणि माझ्यावर पाणी ओतलं. हळद वाहून गेली, कारखान्याचा रंग राहिला. तो होता भलतीकडंच, व्हॉल्व्हच्या पार समोर. मला उतरवलं, फिरवलं, पुन्हा चढवलं. शिशाच्या पट्ट्या काढून त्यातली एकच परत लावली. या वेळी चाक कुठंही थांबायला लागलं, म्हणजे तोल साधला. सोमवारी जालना रोडवर अमृताचं हँडल जरासुद्धा थरथरलं नाही.

मी त्यानंतर खूप पळालो. तरी कळलं नाही. त्या हातानं लेकरं वाढवली, भाकरी थापल्या. मग बोटाला हळद लागली की तोच हात वाईट कसा? मी रबर आहे, मला डोकं नाही. तुम्हाला आहे ना?

मित्रांनो, हवा तपासत जा, झिजलेला टायर वेळेवर बदला. आणि घरात एखादी माय इकडंतिकडं बघून हळद लावताना दिसली, तर तिला रागावू नका. ती कोणाला भिते ते बघा. आणि त्याला ओट्यावरून उठवा.