पुठ्ठ्याआतली नावं

मोजपट्टी सरांनी लाल पेनानं तिसरं शून्य काढलं आणि वही टेबलावरून पुढे सरकवली. शून्यसुद्धा कसं, कंपास फिरवल्यासारखं गोल. उगाच नव्हतं पडलं ते नाव.

"तिसरं," ते म्हणाले. "तीन शून्यं झाली की परीक्षेला बसता येत नाही. नियम माहीत आहे ना तुम्हाला?"

टेबलापलीकडे उभी असलेली बाई गोदीत क्रेन चालवायची. वर्गात सगळे तिला क्रेनवालीच म्हणत. रात्रपाळी संपवून ती थेट सकाळच्या वर्गाला यायची. विजेच्या कामाचं प्रमाणपत्र मिळालं तर तिला दुरुस्ती विभागात दिवसपाळी मिळणार होती. घरच्या दोन मुलींना सध्या आई दिसायची ती झोपलेलीच.

"सर, दहातलं एकही बरोबर नाही?"

"उत्तरं जुळत नाहीत."

"अहो, एक तरी जुळायला हवं होतं. चुकूनमाकून तरी!"

मागे तारा गुंडाळत बसलेल्या प्रयोगशाळेच्या ताई फिसकन हसल्या. "खरंच की. इतकं नेमानं चुकायलाही अक्कल लागते."

सरांनी त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. वह्या तपासताना ते फक्त शेवटचं, चौकटीतलं उत्तर बघत आणि ते यादीशी ताडून पुढे जात. पण ताईंचं बोलणं त्यांना कुठेतरी लागलं असावं.

"फळ्यावर करा," त्यांनी खडू पुढे केला. "पाचवा प्रश्न."

तिनं पिशवीतून पुस्तक काढलं. मुखपृष्ठ नाही, सुरुवातीची पानं नाहीत, कड जाड दोऱ्यानं शिवलेली. तिनं मोठ्यानं वाचलं, "पाच मजली इमारतीच्या टाकीत पाणी चढवणारा पंप..."

सर खुर्चीत ताठ झाले. पंपाचा प्रश्न पाचवा नव्हता, अकरावा होता. आणि हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तो पाचव्यावरून अकराव्यावर त्यांनीच तर नेला होता.

पुस्तक त्यांचंच होतं. दर दोन वर्षांनी प्रकाशक नवी आवृत्ती मागायचा आणि सर प्रश्न पत्त्यांसारखे पिसून द्यायचे. एका दुपारचं काम. त्या एका दुपारच्या कामापायी जुनी पुस्तकं रद्दीत जमा होतात, हा विचार त्यांच्या मनाला कधी शिवलाच नव्हता. खोटं कशाला बोला, शिवला होता, पण त्यांनी तो झटकून टाकला होता.

तोवर तिनं फळा भरला होता. एकही पायरी न गाळता, सावकाश. खाली चौकट करून तिनं लिहिलं, ४२.

"अठ्ठेचाळीस," सर सवयीनं म्हणाले.

"पुस्तकात तेच छापलंय, सर. पण ती चूक आहे. हे बघा ना, माझ्याआधी कुणीतरी लिहूनच ठेवलंय."

समासात पेन्सिलीनं लिहिलं होतं: 'तीनदा केलं. ४२ च येतं.' त्याखाली दुसऱ्या हातानं: 'मीपण.' आणि त्याखाली तिसऱ्या: 'हो रे बाबा, ४२.'

सरांनी खडू घेतला. आकडेमोड केली, पुसली, पुन्हा केली. बेचाळीसच. नव्याकोऱ्या आवृत्तीतही अठ्ठेचाळीसच छापलेलं होतं. इतक्या जणांना सापडलेली चूक लेखकाच्या कानावर घालावी, असं मात्र एकालाही वाटलं नव्हतं.

"तुम्ही वहीत प्रश्न का उतरवून घेत नाही?" त्यांनी विचारलं. आवाज जरा खाली आला होता.

"वही लवकर संपते, सर. नुसता क्रमांक टाकते."

"आणि नवं पुस्तक?"

ती संकोचून हसली. "नव्यात काय वेगळं असणार? वीज तीच आहे ना अजून? आणि हे लिहिणारा माणूस फार छान समजावतो हो. कोण आहे देव जाणे, पहिली पानंच नाहीत. पण शेजारी बसून सांगितल्यासारखं वाटतं."

ताईंना जोरात खोकला आला. सरांनी वही ओढून घेतली आणि जुन्या पुस्तकाशी ताडत एकेक उत्तर पाहिलं. तिन्ही शून्यं खोडून तिथे दहा, नऊ, दहा लिहिलं.

"पुस्तक आजचा दिवस मला द्याल?"

तिचा हात पुस्तकावरून हलेना. मग सरांनी स्वतःची नवी प्रत तिच्यापुढे ठेवली. "तोवर हे तारण."

दुसऱ्या दिवशी सकाळी सूचनाफलकासमोर ही गर्दी! मोजपट्टीनं आखलेला भलामोठा तक्ता लागला होता. डावीकडे जुन्या आवृत्त्यांमधले क्रमांक, उजवीकडे नव्यातले, सगळ्याच्या सगळ्या धड्यांचे. वर लिहिलं होतं, 'कोणतीही आवृत्ती चालेल.' प्रकाशकाला पाठवायचं पाकीट ताईंच्या हातात होतं. "एक उत्तर दुरुस्त करा, क्रमाला हात लावू नका, एवढंच लिहिलंय," त्या भेटेल त्याला सांगत होत्या. "इतकी वर्षं बघतेय यांना, पण आज मानलं."

क्रेनवाली वर्गात आली ती नवी प्रत छातीशी धरून. मुखपृष्ठावरचं नाव तिनं वाचलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

"सर, काल मी काहीच्या बाहीच..."

"जागेवर बसा. तास सुरू होतोय."

तिनं आपलं पुस्तक घेतलं आणि बाकावर बसून मागचा पुठ्ठा उघडला. आतल्या बाजूला नावं होती. पुस्तक पुढे देताना प्रत्येकानं आपलं नाव खोडलं होतं आणि घेणाऱ्यानं खाली स्वतःचं लिहिलं होतं. चौथं तिचं. आता तेही खोडलेलं होतं आणि त्याखाली लाल शाईत पाचवं नाव आलं होतं. मुखपृष्ठावरचंच, पण पुढे 'प्राध्यापक' नव्हतं. पुस्तक परत देताना ते नावही खोडलेलं होतं, अगदी मोजपट्टी लावून, सरळ रेषेत.

तिनं पेन्सिल काढली आणि त्याखाली आपलं नाव पुन्हा लिहिलं.